साताचा पाढा

"मला नको सांगू, त्याला सांग."

हे वाक्य मी दुकानात बसल्या बसल्या इतक्या वेळा ऐकलं आहे की एकदा गिऱ्हाईकालाही तेच म्हणाले. माझं झेरॉक्सचं दुकान फुलपाड्यात, हे वाक्य म्हणणाऱ्या बाईच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर. तिची खिडकी बरोबर माझ्या डोक्यावर. मधला पोरगा धाकटीची तक्रार घेऊन गेला की हे वाक्य यायचं. थोरलीला ग्रहण कसं लागतं ते एकदाचं कळलं आणि ती नाचत आईकडे गेली, तरी हेच वाक्य. भांडण असो की भूगोल, पोरांनी आपसातच सांगायचं.

तिची तिन्ही मुलं शाळेत जात नसत. भर सकाळी तीन धडधाकट पोरं जिन्यात पुस्तकं पसरून बसलेली दिसली तर तुमच्या मनात काय येईल? माझ्याही तेच आलं. मला काही पोटात ठेवता येत नाही, म्हणून मी सरळ विचारलं. तिनेही सरळ सांगितलं. मधला केदार बोलताना अडकतो. हजेरीला 'हजर' म्हणायला त्याला वेळ लागायचा, वर्ग हसायचा, आणि तोवर बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. वर्षभर पोरगा वर्गात बसून गैरहजर. पुढे तो घरीही बोलेनासा झाला, तेव्हा तिने त्याला काढलं. थोरली सानिका म्हणाली, तो घरी तर मीही घरी. मग हिने आपली नोकरी सोडली. नवरा कंपनीत होता. तो हो म्हणाला, पण मनातून धास्तावलेलाच राहिला.

ती काही फार शिकलेली नव्हती आणि तसं दाखवतही नव्हती. एकदा माझं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला आला तर ही तिन्ही पोरांना घेऊन खाली हजर. चौघं त्या उघड्या मशीनभोवती बसली. पोरांपेक्षा हिचेच प्रश्न जास्त. तो बिचारा वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण शिकताय काय?" ती म्हणाली, "हो, मला पण येत नाही ना." त्या दिवशी चहा मात्र मला सगळ्यांना पाजावा लागला.

घरात नियम दोनच. एक म्हणजे जे आपल्याला आलं ते आपल्याहून धाकट्याला शिकवायचं. त्याला कळलं तरच आपल्याला आलं. आणि दुसरा, केदारचं वाक्य केदारनेच पुरं करायचं. मध्ये कुणी शब्द पुरवायचा नाही, बापानेसुद्धा नाही. दूधवाल्यालाही तिने हे बजावून ठेवलं होतं. हिशोबाला उशीर होतो म्हणून तो कुरकुरायचा, पण थांबायचा. हळूहळू केदार बोलू लागला. सगळ्यात जास्त धाकट्या मनूशी, कारण मनूला कुठे जायची घाई नव्हती. दुपारी खिडकीतून त्या दोघांचे आवाज यायचे आणि मला उगाच बरं वाटायचं.

मनूच्या वाढदिवसाला मलाही बोलावलं होतं. तिचे थोरले दीर आले होते. माणूस प्रेमळ, पण काळजी करायची सवय. केक कापून झाल्यावर त्यांनी मनूला मांडीवर घेतलं आणि साताचा पाढा म्हणायला सांगितला. मनूने हाताची घडी घातली आणि सुरू केलं. "सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक ए... ए... एकवीस." पुढे बेचाळीसवरही तशीच थांबली. अगदी केदारसारखी.

दिरांचा चेहरा उतरला. ते मांडीवरच्या पोरीला कुरवाळत हिला म्हणाले की, बघ, हिलाही लागलं. एकाचं झालं ते झालं, या पोरीला तरी जूनपासून शाळेत घाल, याच्यापासून जरा लांब ठेव. त्यांनी एका शाळेत बोलूनही ठेवलं होतं. नवऱ्याने मान खाली घातली. तो हो म्हणणार हे मला दिसत होतं. आणि केदार तिथेच, हातात केकची बशी घेऊन उभा होता.

ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, मला नका सांगू. तो इथेच आहे, त्याला सांगा."

दिरांना ते जमेना. पोराच्या तोंडावर कसं सांगणार? तेवढ्यात केदारने बशी खाली ठेवली. त्याला खूप वेळ लागला. खोलीत एवढी माणसं, पण कुणी त्याला शब्द पुरवला नाही. "काका, मी अ... अडकतो. मनू नाही अ... अडकत."

मनूला तर प्रश्नच कळला नव्हता. ती म्हणाली, "तिथे थांबायचंच असतं. दादाने तसाच शिकवलाय." आणि कुणी न सांगता तिने पाचाचा पाढा सुरू केला. तो सानिकाने शिकवलेला. पाच एके पाचपासून पन्नासापर्यंत पोरगी सुसाट गेली, कुठेही न थांबता.

दिरांनी मग केदारला जवळ बोलावून साताचा पाढा त्याच्याकडूनच ऐकला, शेवटपर्यंत. शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. मी बशा ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर ही ओट्याला धरून उभी. मला म्हणाली, "काकू, तो बोललाच नसता तर हो?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला. इतकी धीराची बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

यंदा ते घर सोडून गेले. पापडीला एका वाडीत भाड्याने घर मिळालं, पोरांना अंगण हवं होतं. सामानाचा टेम्पो भरून दुकानासमोर उभा होता. केदार एकटाच आत आला. माझ्यापुढे झेरॉक्सला माणसं ताटकळली होती. ती ताटकळत राहिली. "काकू, आम्ही प... प..." तो थांबला, त्याने श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो पुन्हा वाजवणार तोच केदारची आई टेम्पोपुढे जाऊन उभी राहिली. आमच्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. ड्रायव्हरकडे तोंड करून, हात आडवा धरून ती उभी होती, केदारचं "पापडीला या" पुरं होईपर्यंत.