चेटकिणीचा वकील

हनीफ गेल्याची बातमी मला कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर मिळाली. खरं सांगायचं तर आधी रागच आला. चार दिवसांपूर्वी त्याच्या खाटेशी बसलो होतो, तेव्हा म्हणाला होता, "येत्या बाजाराले दुकान उघडतो." बोललेलं न करण्याची त्याची ही काही पहिली वेळ नव्हती, पण एवढी कमाल त्याने कधी केली नव्हती...

घाटंजीच्या बाजारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी जिनिंगमध्ये कारकून, म्हणून त्याच्यासाठी 'बाबू'. आमची दोस्ती जमली ती एका जादूच्या कादंबरीमुळे. ती भागाभागांनी निघायची आणि यवतमाळच्या मोटारीने, मनात येईल तेव्हा यायची. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या वर्षी पहिला भाग आला. त्यात एक चेटकीण राजपुत्राला दगड करून टाकते. पुढे मुंबईचा महाराष्ट्र झाला, तरी राजपुत्र दगडच होता. हनीफ उर्दू शाळेत शिकलेला, नागरी अक्षर त्याला लागत नसे. तेव्हा प्रत्येक भाग मी दुकानात बसून मोठ्याने वाचायचा, असा रिवाजच पडला. चहा त्याचा, घसा माझा.

नुसतं ऐकून घेईल तर तो हनीफ कसला! दुसऱ्याच भागात त्याने ठरवून टाकलं की चेटकीण दुष्ट नाहीच. प्रधान राजपुत्राच्या जिवावर उठला आहे, हे तिला ठाऊक आहे. दगडाला विष चढत नाही की तलवार लागत नाही, म्हणून तिने त्याला दगड केलं. पुरावा काय, तर पावसात तिने पुतळ्यावर घोंगडी टाकली.

"दुश्मनाले कोणी घोंगडी देते का, बाबू?"

"अरे, लेखकाला पान भरायचं होतं."

"तुले समजून नाही राह्यलं. तिच्या मनात काहीतरी हाय."

हे असं वर्षानुवर्षं. हातातली ट्यूब तशीच टाकून तो चेटकिणीची वकिली करायचा, गिऱ्हाईक ताटकळत उभं. एखादा भाग आलाच नाही, तर म्हणायचा, प्रधानाच्या माणसांनी लेखकालाच बांधून ठेवलं. मी डोक्याला हात लावायचो. घरी बायको विचारायची, "एवढं डोकं उठते तर जाता कायले?" मी पायांत चपला सरकवून निघायचो.

मग त्याच्या छातीचं दुखणं निघालं. यवतमाळच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याला सगळं कळत होतं. मला म्हणाला, "आखरी भाग येईपर्यंत टिकलो तं बरं. ती वाईट नव्हती, एवढं ऐकून जाईन."

शेवटचा भाग आला. तो मी आधी एकट्याने घरी वाचला. चेटकीण हसत हसत पुतळ्याचा चुरा करते आणि प्रधानाशी लग्न लावते. ना खुलासा, ना काही. माझंच खरं निघालं होतं आणि मला त्या लेखकाची मुंडी पिरगाळावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी हनीफच्या खाटेशी बसून मी शेवटचं पान उघडलं आणि भलतंच वाचत सुटलो. चेटकीण रडली, प्रधान उघडा पडला, दगडाला घाम फुटला, राजपुत्र उठून तिच्या पाया पडला. हनीफ डोळे मिटून ऐकत होता. "बेस झालं," एवढंच म्हणाला. शंका नाही, वाद नाही. मला वाटलं, चला, एकदाचा गप्प झाला.

परवा भाभी भेटल्या. हनीफची बायको. म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी गेल्यावर लय हसले. म्हणे, बाबूनं आज आपल्या मनचं वाचलं. एवढं मोठं वाचलं अन् पान उलटल्याचा आवाज एकदाबी नाही आला."

"मग मला बोलला का नाही?"

"म्याबी तेच इचारलं. तं म्हणे, त्याच्या मनात काय हाय ते मले समजलं."

म्हणजे बघा. इतक्या वर्षांत या माणसाचा एकच तर्क खरा निघाला, आणि तो माझ्याबद्दलचा. बाजाराच्या दिवशी पाय आपोआप त्या दुकानाकडे वळतात. फळ्या लावलेल्या असतात. मी तिथे थोडा वेळ उभा राहतो, मनातल्या मनात त्याला चार शिव्या घालतो आणि घरी येतो.