माझं राहिलेलं क्रेडिट आणि पेठे काका

पेठे काका गेले. आयुष्यात त्यांनी कुणावर पटकन विश्वास ठेवला नाही.

आमच्या घरातही त्यांच्यावर कुणाचा नव्हता.

नव्वदच्या दशकातलं दुबईचं अल मनखूल. एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते दुसऱ्या. काका जेबेल अली बंदरात कार्गो सर्व्हेयर होते. पेटीवर ब्लेंडर लिहिलंय म्हणून आत ब्लेंडरच असेल, हे ते मान्य करायचे नाहीत. पेटी उघडायचे.

माणसांच्या बाबतीतही तेच.

त्यांचा अनिकेत आणि मी एकाच वर्गात. अमेरिकन अभ्यासक्रमाची शाळा. फी बाबांची कंपनी भरायची, म्हणून तिथे. ती पद्धत आमच्या घरात कुणालाच कळत नव्हती. माझा जीपीए ३.९ आला की बाबा दिरहमचे रुपये करावेत तसे त्याचे टक्के करायचे आणि सांगलीला फोन लावायचे. "साडेसत्त्याण्णव!"

अनिकेत आणि मी, पहिला नंबर दोघांपैकी एकाचा. दोन्ही घरांना ते ठाऊक होतं.

बारावीच्या सुरुवातीची गोष्ट. लिफ्ट बंद होती, मी जिने पळत वर आले. मागोमाग काका आले आणि बेल वाजवली.

"वहिनी, ही आत्ता तीन मजले पळत आली."

"हो, मग? लिफ्ट बंद आहे ना."

"मग हिला दमा कधी होतो?"

आईने आधी दार लावलं.

झालं होतं असं, की नववी-दहावीत बाबांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून माझ्या दम्याचं सर्टिफिकेट आणलं होतं. पीईचा तास वाया जाऊ नये, लायब्ररीत बसून फिजिक्स करावं म्हणून. पीटीला मार्क असतात कुठे? आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी मुलांना तेव्हा दमा होता.

काका गेल्यावर आई म्हणाली, "उद्या हिला स्थळं यायचीत. हा माणूस बिल्डिंगभर दमा दमा करत फिरणार."

बाबांचं निदान वेगळं होतं. "त्याच्या पोराला पहिला नंबर हवाय. ही मैदानावर घाम गाळत बसली की अभ्यास गेला. सरळ आहे."

"बाबा, इट्स ओन्ली पीई!" मी म्हणाले.

"तेच तर! ओन्ली पीईसाठी हा माणूस जिना चढून येतो?"

काका शुक्रवारी परत आले. चहा घेतला नाही.

"ग्रेड म्हणजे मुलीने किती चांगलं केलं. क्रेडिट म्हणजे केलं की नाही. शाळा दोन्ही वेगवेगळं बघते."

"पेठे, तिला सगळीकडे ए आहे."

"बसली तिथे ए आहे. जिथे बसलीच नाही तिथे काय आहे?"

"एक्स्क्यूज्ड."

"म्हणजे शून्य. पीईचं एक क्रेडिट लागतंच. ते नाही तर डिप्लोमा, म्हणजे बारावी पासचं सर्टिफिकेट, नाही. डिप्लोमा नाही तर पुण्यातलं कॉलेज दारात उभं करणार नाही."

"कशावरून?"

"आता कसं बोललात! चला, शाळेत विचारू."

बाबांचा काकांवर विश्वास नव्हता, म्हणून ते शाळेत गेले. बाबा नीट विचारतील यावर काकांचा नव्हता, म्हणून तेही गेले. मी मागच्या सीटवर.

काउन्सेलर बाई हसतमुख. "शी इज अ वंडरफुल स्टुडंट. वुई विल सी, इन्शाल्ला."

बाबा उठले, थँक यू म्हणाले.

काका उठले नाहीत.

"मॅडम, हू विल सी? अँड व्हेन?"

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझी फाइल उघडली. बघता बघता त्यांचं हसू गेलं. एक क्रेडिट कमी. सवलत नाही. खरंच आजारी असलेल्या मुलांना त्याऐवजी हेल्थचा कोर्स असतो. तो मी घेतला नव्हता, आणि त्या वर्षी तो नव्हताच. पीई दोन्ही सेमिस्टर केलं तर जमेल. पण आत्ता सुरू केलं तरच.

मग त्या म्हणाल्या, "पण दमा असलेल्या मुलीला मी मैदानावर कसं पाठवू?"



काकांना ते एक वाक्य सहज बोलता आलं असतं. ते खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटी बाबाच म्हणाले. "मॅडम, शी हॅज नो अस्थमा."

बाबांचा इतका बारीक आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

त्या महिन्यात मनखूलमधली आणखी चार मुलं दम्यातून खडखडीत बरी झाली. शुक्रवारी जेवणं उरकली की त्यांचे आईबाप पेठ्यांच्या हॉलमध्ये जमायला लागले. काका एकच गोष्ट बजावायचे, "पोराला किती पडले ते नंतर विचारा. काय काय राहिलंय ते आधी विचारा." लोक मान डोलवायचे आणि खाली उतरताना कुजबुजायचे, याला शाळेकडून काही मिळत असेल का हो?

मी वर्षभर नववीच्या पोरांबरोबर धावले. उन्हात, सगळ्यात मागे.

आणि ग्रॅज्युएट झाले. पहिली आले. अनिकेत दुसरा.

समारंभानंतर बाबा काकांकडे गेले. त्यांचा हात हातात घेतला.

काकाच म्हणाले, "तुम्हाला वाटलं, मी माझ्या पोरासाठी करतोय."

"वाटलं," बाबा म्हणाले. "पण तुम्ही गप्प बसला असतात तर तोच पहिला होता."

"हो. आणि मग जन्मभर मला त्या नंबराचा संशय आला असता."

आज सकाळी अनिकेतचा फोन आला. शेवटचे काही दिवस त्रास झाला, मग शांत गेले म्हणाला.

बाबा नाहीत आता. नाहीतर आधी तेच आले असते तुमच्या दारी.

काका, त्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने, वाकून नमस्कार. सुखाने जा.