मांडवाच्या दारावरचा खलाशी

“मास्तर, अजून एक डाव ठोक सलाम. या पोराले दिसला नाई.”

अध्यक्षांच्या कडेवर नवरदेवाचा लहानगा भाचा होता. मी मांडवाच्या दाराशी उभा. अंगात नौदलाचा पांढरा गणवेश. कारंज्याहून आलेल्या वऱ्हाडातल्या प्रत्येक पागोट्याला दुपारपासून सलाम ठोकत होतो. लढाईच्या काळात दर्यावर काढलेल्या माझ्या वर्षांचा तमाशा चालला होता, आणि तो मीच करत होतो.

हे आमच्या शाळांच्या बोर्डाचे निवडून आलेले अध्यक्ष. त्यांच्या घरी लग्न निघालं की आसपासच्या मास्तरांनी राबायला जायचं, असा रिवाज. कोणी पाणी भरायचं, कोणी पंगतीत वाढायचं. जो जाणार नाही त्याची बदली ठरलेली. मला वाढायला ठेवणं शक्यच नव्हतं. आमच्या जातीच्या हातचा वरणभात कोण खाणार? पण सव्वीस जानेवारीला पोरांना दाखवायला म्हणून मी तो गणवेश शाळेत घालून गेलो होतो. अध्यक्षांच्या डोळ्यांत तो भरला. निरोप आला, “थो पांढरा डरेस घालून ये. दारावर शोभशीन.”

गेलो. मुकाट्यानं गेलो. घरी लेकरं, अंथरुणाला खिळलेली बायको, म्हातारा बाप. पगारावर चूल पेटत होती.

पोरावरून नजर काढली तर कनातीच्या फटीतून माझा बाप दिसला. मांडवामागं, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाजवळ. वस्तीतल्या माणसांबरोबर टोपलं घेऊन बसलेला. पंगत उठली की उरलंसुरलं मिळेल म्हणून. मला वाटलं होतं, शिकलो, जहाजावर गेलो, मास्तर झालो, म्हणजे त्या ढिगापासून लांब आलो. कुठं आलो होतो? मधे नुसता एक कनातीचा पडदा होता.

माझा हात उठेना.

“काहून रे, हात मोडला काय?”

“मोडला नाई. आता उचलत नाई मी.”

वाढणारे मास्तर बादल्या धरून जागीच उभे राहिले. एकानंही वर पाहिलं नाही. बाप धावत आला, टोपल्यासकट.

“ठोक ना बापू. एका सलामानं काय जाते तुहं? नोकरी जाईन रे!”

त्यानं माझं मनगट धरलं आणि हात वर उचलायला लागला. माझा बाप. अध्यक्षांकडं पाहत, ओशाळं हसत. मी ताठ उभा राहिलो आणि भर मांडवात रडलो. अजून आठवलं की अंगाची लाही होते.

आठवड्यात नोकरी गेली. बाप रोज म्हणायचा, जा, त्यांचे पाय धर. लेकरं पातळ कण्या पिऊन झोपायची, तेव्हा खरंच वाटायचं की जावं आणि धरावेत.

त्याऐवजी शेलूबाजारला गेलो. बाजाराच्या दिवशी मास्तर लोक येत. मला पाहून रस्ता बदलत. शेवटी दोघे थांबले, भेदरलेले.

“आपून पोरं शिकवाले हाओत,” मी म्हटलं. “लग्नातलं पाणी भराले नाई. सारे मास्तर एक झाले तं थो किती जणाइले काढीन?”

“सारे येत नाईत, दादा. तुमी मरसान अन् आमाले मारसान.”

बहुतेक खरंच बोलत होते. मी म्हटलं, “तुमी दोघं तं या. येत्या निवडणुकीत मी त्याच्याच खुर्चीसाठी उभा राह्यतो. पडीन. पुन्हा उभा राहीन. पाय धराले मात्र जात नाई.”