उन्हापायी कमी केलेलं मटण

राग आला की सिस्टर आधी चष्मा काढायच्या. मग समोरच्याकडे बघत एकच शब्द विचारायच्या, "काहून?" त्या 'का'ला धड उत्तर देणारा माणूस मी तरी पाहिला नाही. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमची बिल्डिंग फार गरीब आहे असं मी म्हणेन.

आमच्या नागपूरच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स असल्यामुळे सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. उन्हाळ्यात त्यांची ड्यूटी उष्माघाताच्या वार्डात असे. मे महिन्यात घरी आल्या की आधी अर्धा तास गार फरशीवर पडून राहायच्या.

एका रविवारी त्या अशाच आल्या. स्लॅबच्या कामावरचा एक मजूर उष्माघातानं त्यांच्या हातातच गेला होता. घरात मटण शिजत होतं. त्यांच्या यजमानांना, म्हणजे काकांना, झणझणीत रस्सा स्वतः करायची हौस. मी वाटीभर रस्सा न्यायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"आजपासून मटन महिन्यातून एकदाच," सिस्टर म्हणाल्या. "बकऱ्याले चारा लागते, पानी लागते. चाऱ्यापायी रान जाते. रान गेलं का ऊन वाढते. अन् मंग लोकं माह्या वार्डात येतात."

काका पळी हातात धरून उभे. "आपल्या एका घरानं सोडलं तर नागपूरचं ऊन उतरन का वं?"

"नाही उतरन. पन मोठे लोकं काही करत नाहीत, म्हनून आपूनही गुपचूप खात बसाचं? काहून?"

काकांनी पळी खाली ठेवली. पुढच्या रविवारपासून त्याच मसाल्यात बेसनाच्या पातोड्या पडू लागल्या. "बिना बोकडाचा रस्सा म्हनजे बिना नवरदेवाची वरात," असं म्हणत काका दोनदा वाढून घ्यायचे. मुलगा कुरकुरला, मग त्यालाही सवय झाली. महिन्याचा तो एक रविवार मात्र सणासारखा व्हायचा. हाडंसुद्धा चोखून चोखून पांढरी केली जायची.

त्यांनी हे कधी कोणाला शिकवलं नाही. पण बिल्डिंगमध्ये गोष्टी पसरतात, आणि पसरताना नासतात.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. सिस्टरनी त्यांच्या वार्डातल्या एका तरुण नर्सला आणि तिच्या नवऱ्याला तो बघायला आणलं. आमच्या चेअरमनसाहेबांनी आधी आडनाव विचारलं, मग जेवणात काय काय चालतं ते विचारलं, मग फ्लॅट अचानक "बुक" झाला. तो फ्लॅट पुढं कितीतरी महिने रिकामाच होता. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

आठवड्याभरात पार्किंगमध्ये मीटिंग झाली. यापुढे मांसाहारी भाडेकरू ठेवायचा नाही, असा ठराव आला. आणि चेअरमन हसत हसत शाल घेऊन पुढे आले. "आपल्या सिस्टर. त्यांच्याकडेसुद्धा सगळं शुद्ध झालं. हा आदर्श आपण..."

सिस्टरनी चष्मा काढला.

"मी मटन कमी केलं ते उन्हापायी. तुमच्या सोवळ्यापायी नाही. माही आजी दीक्षाभूमीवर गेली होती ते असल्याच सोवळ्याले लाथ मारून. अन् आज तुम्ही माह्या ताटाचा दाखला देऊन माह्याच वार्डातल्या पोरीले दार बंद करून राहिले?"

"मॅडम, तुम्ही गैरसमज..."

"शाल ठेवा. तुमचं मन उघडं पडलं, त्याच्यावर टाका."

चेअरमननी ठराव मताला टाकला. मी आणि चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा विरोधात उभे राहिलो. बाकीचे हात वर गेले. ज्यांच्या आजारपणात सिस्टर रात्री-बेरात्री सलाईन लावायला गेल्या होत्या, तेही हात त्यात होते. ठराव पास झाला. सिस्टर घरी आल्या आणि ओट्याला टेकून रडल्या. रागानं रडणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. पारशिवनीकडे, भावाच्या गावी राहायला जायचं ठरलं. सामानाचा टेम्पो भरला, तेव्हा चेअरमन हात जोडून निरोप द्यायला आले. तेवढ्यात ती तरुण नर्स आणि तिचा नवरा बॅगा घेऊन गेटातून आत शिरले. सिस्टरनी आपल्या मालकीच्या घराची किल्ली त्या पोरीच्या हातात दिली.

चेअरमन म्हणाले, "मॅडम, ठराव आहे..."

"ठराव भाडेकरूचा आहे ना? मी हिच्याकडून भाडं घेऊन नाही राहिली. हे पोट्टी माह्या घरची आहे."

चेअरमननी जोडलेले हात खाली घेतले. पोरगी गांगरली होती. तिनं हळूच विचारलं, "सिस्टर, स्वयंपाकाचं काही बंधन?"

सिस्टर टेम्पोत चढता चढता थांबल्या.

"कमी खा का जास्त खा, ते तुह्या बुद्धीनं ठरव. पन पोरी, खिडक्या लावून नको शिजवू."