एक्केचाळिसावा मासा

मावशींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर लावलेला असे, पण तो कधी वाजला नाही. थोरल्या बहिणीची झोप मोडू नये म्हणून मावशी दोन मिनिटे आधीच उठून तो बंद करत. ताई तरी पडल्या पडल्या म्हणायचीच, "उठलीस का? दार नीट ओढून घे."

तीन जिने उतरून, वीस मिनिटे चालून मावशी शेडमध्ये पोचत. साडेपाचला विमानतळावरून गाडी येई. गाडीत थर्माकोलचे खोके, खोक्यात पिशव्या, पिशवीत थोडे पाणी, बराचसा प्राणवायू आणि परदेशातून आलेले शोभेचे मासे. बाहेरच्याला वाटते, त्यात काय, पिशवी फोडायची आणि ओतायची. तसे केले तर अर्ध्या तासात मासे उलटे होतात. पिशवी आधी बंदच हौदात तरंगत ठेवायची, वीस मिनिटे. मग कोपरा कापायचा. मग हौदातले पाणी पेल्याने थोडे थोडे आत घालायचे, चार वेळा. शेवटी मासा जाळीने उचलायचा, कारण पिशवीतले घाण पाणी हौदात जाता कामा नये. हे सगळे वाकून. दिवसाला दीडशे-दोनशे पिशव्या.

मावशी मोजणीवर होत्या. पाच-पाचने मोजत, आणि शंभर झाले की डाव्या हातातले रबर एका बोटावरून पुढच्या बोटावर सरकवत. हमाल मुद्दाम कानाशी येऊन भलतेच आकडे म्हणत, "सत्तावीस, एकोणऐंशी, तेरा." मावशी नजर न हलवता म्हणत, "म्हण बाबा, तेवढंच तुझं पाठांतर." आणि आकडा बरोबर निघे.

मेलेले मासे पांढऱ्या ट्रेमध्ये जात. रजिस्टरात त्यांचा वेगळा रकाना होता, त्यावर लिहिलेले होते 'मयत'. खाली मावशींची सही, शेजारी मालकाची. ट्रे बर्फाच्या पेटीत दोन दिवस ठेवावा लागे. आयात कचेरीचा माणूस येऊन मेलेले स्वतः मोजे. जिवंत किती आले, मेलेले किती निघाले, सगळे जुळले पाहिजे, नाहीतर मासे मागच्या दाराने गेले असा संशय.

एका सकाळी एक पिशवी फुटकी निघाली. आत पाण्याचा थेंब नव्हता. तळाशी वीतभर लांबीचे काहीतरी दोरीसारखे वेटोळे घालून पडले होते, अंगावर चिकट साल, रंग चिखलाचा. खोक्यावरच्या कागदावर फुप्फुसमासा लिहिले होते. मावशी तो पहिल्यांदाच पाहत होत्या. बोटाने ढोसले, हलला नाही. त्यांनी तो ट्रेमध्ये टाकला आणि मयतच्या रकान्यात एक्केचाळीस आकडा लिहून सही केली. मालकाने सही केली आणि तोच आकडा परदेशातल्या व्यापाऱ्याला आणि आयात कचेरीला कळवून टाकला.

दुपारी ट्रे पेटीत ठेवायला उचलला तेव्हा त्यातून उचकी दिल्यासारखा आवाज आला. चाळीस मासे गप्प होते. एक्केचाळिसाव्याने तोंड उघडून हवा घेतली.

या माशाला कल्ले असतात तशी फुप्फुसेही असतात. पाणी आटले तर तो अंगाभोवती साल करून चिखलात महिनोन् महिने पडून राहतो. शेडमधल्या कोणाला हे ठाऊक नव्हते. पिशवीत पाणी नाही म्हणजे मासा गेला, हे तिथे जन्मभर काम केलेल्या कोणीही डोळे मिटून लिहिले असते. मावशींनी डोळे उघडे ठेवून लिहिले होते, एवढाच फरक.

त्या ट्रे घेऊन मालकाकडे गेल्या. "हा जिवंत आहे. आकडा चाळीस करा."

मालक म्हणाला, "पानांना नंबर आहेत, खाडाखोड चालत नाही. वर कळवूनही झालं. मेलेल्याला उठवायचं खातं आपल्याकडे नाही, मावशी. पेटीत ठेवा, संध्याकाळपर्यंत सगळं जुळेल."

मावशींनी जेवणाचा डबा धुतला, त्यात पाणी घेतले आणि त्याला घरी आणले.

दोन दिवसांनी कचेरीच्या माणसाने ट्रे मोजला. चाळीस भरले. मालकाने तोंडातली सुपारीसुद्धा न हलवता सांगितले, "एक मांजराने नेला." तसे लिहून सहीही केली. प्रकरण तिथेच संपले.

घरी माशाला नाव पडले ते ताईमुळे. डबा पाहून तिने विचारले, "हे काय आणलंस?" मावशी म्हणाल्या, "मयत आहे." आठ दिवस ताई कुरकुरली, घरात असले नाव नको म्हणून. नवव्या दिवशी तीच विचारू लागली, "मयत जेवला का?" त्याला गांडुळे लागत, गोगलगायी लागत. कवच तो असा फोडे की बाहेरच्या खोलीत ऐकू येई. एकदा ताईने लाडाने पाण्यात बोट घातले. नंतर पट्टी बांधून घेताना ती म्हणाली, "मेलेलं माणूस परवडलं. बोट तरी धरत नाही."

मयत वाढला. बादलीतून टबात, टबातून जुन्या काचेच्या टाकीत. ताईचे आधीपासून दुखणारे गुडघे पुरते गेले तेव्हा तीन जिने तिला नको झाले, आणि ती दिवसभर टाकीसमोर बसू लागली. मासा थोड्या थोड्या वेळाने वर येई, तोंड बाहेर काढून हवा घेई आणि खाली जाई. ताई म्हणे, "घरात बसून बसून आम्हा दोघांना धाप लागते." तळमजल्यावर खोली बघ, असे ती अकरा वर्षे सांगत होती. मावशी दर वर्षी म्हणत, आणखी एक वर्ष. पगारातले मागे टाकलेले पैसे म्हातारपणासाठी होते, आणि म्हातारपण कधी सुरू होते हे मावशींनी अजून ठरवले नव्हते.

मग कायदा आला. शेडच्या दारावर कागद चिकटला. बाहेरून आणायला बंदी असलेल्या प्राण्यांची यादी, त्यात फुप्फुसमासा. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांनी नव्वद दिवसांत नोंद करावी. प्राणी रीतसर देशात आल्याचा कागद जोडावा. त्याला ठरल्या मापाची टाकी आणि कुलपाचे झाकण असावे. विकू नये, वाढवू नये, बाहेरच्या पाण्यात सोडू नये. कागद नसेल तर प्राणी जमा करावा, विल्हेवाट कचेरी लावील.

विल्हेवाट म्हणजे काय हे मावशींना कोणी समजावून सांगायला नको होते. पांढरे ट्रे त्याच भरत आल्या होत्या.

गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "एवढा घोर कशाला लावून घेता? पुलावरून ओढ्यात सोडून द्या. कोण बघतंय?"

"अरे, तो चिखलात सहा महिने जगतो. दिसेल ते खातो. त्याला ओढ्यात सोडला तर मग ओढा त्याचाच. म्हणूनच तर कायदा केलाय."

"मग कायदा बरोबर म्हणता?"

"बरोबरच आहे. तीच तर पंचाईत."

नव्वद दिवसांपैकी पन्नास मालकाच्या मागे फिरण्यात गेले. मावशी म्हणत, एक कागद द्या, त्या खेपेत हा आला होता आणि जिवंत होता म्हणून. मालक आज-उद्या करत राहिला. शेवटी त्याने दार लोटून घेतले.

"मावशी, माझ्या सहीने तिथे मांजर आहे. मी आता लिहून दिलं की मांजर नव्हतं, तर ते म्हणतील बाकीच्या मेलेल्यांचं काय? सगळी रजिस्टरं काढतील."

"बाकीचे मेलेलेच होते. मी मोजलेत."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे हो. त्यांचा असेल का?"

"मग मी सांगते त्यांना."

मालक म्हणाला, "सांगा. पण मग मोजणीच्या टेबलावर मी तुम्हाला बसवू शकणार नाही. रजिस्टरावर खोटं लिहिल्याचं कबूल केलेली बाई मोजणीवर, हे मलाही शोभणार नाही."

सव्वीस वर्षांत मावशींचा आकडा चुकला होता तो एकदाच, आणि तो दुरुस्त करायला त्या त्याच दुपारी गेल्या होत्या. हे मालकाला माहीत होतेच. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या कचेरीत गेल्या.

खिडकीमागे एक तरुण मॅडम बसल्या होत्या. त्यांनी जुनी फाइल काढली, दोन पाने चाळली आणि पेन खाली ठेवले.

"मावशी, कागदावर हा मासा मेलेला आहे."

"हो. मीच मारला. सही बघा."

"आणि त्यानंतर मांजराने खाल्ला."

"हो."

"आणि आता तो तुमच्या घरी आहे."

"सत्तर सेंटिमीटर झालाय."

मॅडमना हसू आले, ते त्यांनी खोकल्यात लपवले. "शेडमध्ये मांजर होतं का?"

"ओल्या फरशीवर मांजर कशाला येईल, मॅडम? मी तिथे असताना एकही आलं नाही."

मॅडमनी फाइल परत वाचली. त्यांच्याच कचेरीच्या माणसाने लिहिले होते: नोंदलेले मेलेले एक्केचाळीस, प्रत्यक्ष मोजले चाळीस. एक कमी. नऊ वर्षे तो एक कमी त्या पानावर पडून होता, आणि मासा मेला नव्हता याचा दुसरा कागद जगात नव्हता.

"हे मला पुरेल," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्हाला लिहून द्यावं लागेल की तुमची नोंद चुकीची होती, आणि मांजराचं खरं नव्हतं. दंड होईल. मालकांनाही पत्र जाईल."

"कुठे सही करू?"

पत्र शेडमध्ये पोचले त्या दिवशी मोजणीच्या टेबलावर मालकाचा भाचा बसला, आणि मावशींना खोके धुण्यावर टाकले. थंड पाणी, कुंचला, दिवसाला साठ खोके, आणि प्रत्येकाचे झाकण वेगळे. ड्रायव्हर म्हणाला, "काय मिळवलंत, मावशी?" मावशी म्हणाल्या, "कोपरे नीट घासावे लागतात, नाहीतर वास राहतो." आणि घासत राहिल्या.

नोंदीआधी घर तपासायला मॅडम आल्या, तेव्हा मुदतीला एकवीस दिवस उरले होते. तीन जिने चढून त्यांना धाप लागली. त्यांनी मासा मापला, कोष्टक पाहिले आणि सांगितले, "सात फुटी टाकी लागेल. पाणी, काच, लोखंडी स्टँड, सगळं धरून साडेसातशे किलो." मग पायाखालच्या फळ्या पाहिल्या. खाली लाकडी तुळया होत्या. "इथे नाही चालणार. टाकी खालच्यांच्या पलंगावर जाईल. जमिनीलगतची जागा दाखवलीत तर मी नोंद करते."

मॅडम गेल्यावर मावशी टाकीसमोर बसल्या. मयत वर आला, हवा घेतली, खाली गेला. त्यांनी कपाटातून पासबुक काढले.

ताई खुर्चीतून पाहत होती. "म्हणजे आता तळमजला?"

"तळमजला."

"अकरा वर्षं माझे गुडघे ओरडताहेत. माशासाठी कचेरीतून बाई आली तर एका दुपारीत ठरलं."

"तुझ्या गुडघ्यांना मुदत नव्हती ना, ताई."

"मला आधी सांगायचंस. मीही यादीत नाव घातलं असतं." पण एवढे बोलून ताईने लगेच विचारले, स्वयंपाकघराला खिडकी असेल का.

मावशींनी नऊ दिवसांत अकरा खोल्या पाहिल्या, कामावरून सुटल्यावर, ओल्या बुटांनीच. बारावी घेतली. उधार काही ठेवले नाही. सामान हलवताना मयतला थर्माकोलच्या खोक्यातून नेले, मावशींनीच धुतलेल्या. नव्या टाकीत त्याला सोडताना त्यांनी पिशवी वीस मिनिटे तरंगत ठेवली, चार पेले पाणी घातले, आणि मग जाळी लावली. मुदतीला चार दिवस असताना मॅडमनी टाकीच्या काचेवर नंबराचा पत्रा चिकटवला.

मावशींनी पुढे निवृत्तीपर्यंत चार वर्षे खोके धुतले. मोजणीवर परत या असे मालक एकदा म्हणाला, भाच्याने दोनशे माशांचा घोळ घातल्यावर. मावशी म्हणाल्या, "हातातले खोके होऊ देत." त्या खोक्यांवरच राहिल्या.

त्यांच्या तीस वर्षांच्या पगारातून आली ती ही तळमजल्याची खोली. दोन पायऱ्या, स्वयंपाकघराला एक खिडकी, आणि भिंतीला लागून टाकीखालचा विटांचा ओटा. तो गवंड्याने दोनदा बांधला. पहिल्यांदा पाण्याची पातळी एका बाजूला बोटभर उतरती दिसली, म्हणून मावशींनी तो पाडायला लावला.