आईची सकाळची बाटली

लघवीची मला पहिल्यापासून शिसारी, आणि पीएच.डी. वाट्याला आली ती नेमकी तिच्यावरच. शरीरातलं डोपामिन मोजणारा सेन्सर मी बनवत होतो. बारीक नळीत ग्रॅफाइटचा लगदा ठासायचा, तिचं टोक लघवीच्या नमुन्यात बुडवून वीज सोडायची; डोपामिन असलं की आलेखावर टेकाड उठतं. ऐकायला छान वाटतं. ऐकणाऱ्याला वास येत नाही.

नमुना आईचा. तिला कंपवात होता, हात सारखे थरथरायचे; त्यावर गोळ्या चालू होत्या. मेंदूतलं डोपामिन आटलं की हा आजार होतो, हे मीच तिला सांगून बसलो होतो. त्यामुळे माझं यंत्र आपला आजार मोजतंय, अशी तिची पक्की समजूत. लघवीवरून मेंदूतलं कळत नाही, हे मात्र मी सांगितलं नाही. मला रोजचा नमुना हवा होता ना!

रोज सकाळी ती बाटली ओट्यावर ठेवायची. मी हातमोजे घालून, नाक दाबून ती उचलायचो, दोन पिशव्यांत गुंडाळायचो आणि आमच्या लोहाऱ्याहून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून मांडीवर घेऊन कॉलेजात न्यायचो. सगळ्या वाटेत मळमळायचं.

एक दिवस टेकाड एकदम तिप्पट झालं. पुढचे दोन दिवसही तेच. मी हरखून घरी सांगितलं, "आई, तुझं डोपामिन लई वाढलंय."

आठवडाभरात तिच्या हातात चहाची कपबशी ठरेना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "गोळ्या बंद केल्यात. वाढलंय म्हनलास न्हवं?"

मी हबकलो. समोर बसून गोळी घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी लवकर उठलो, तर ती मोरीत बसून रिकाम्या बाटलीत लिंबू पिळत होती. लिंबातलं क जीवनसत्त्व माझ्या सेन्सरला डोपामिनसारखंच दिसतं. हे मी पहिल्या वर्षीच शिकलो होतो.

"हे काय करतीस?" मी ओरडलोच.

"तू नाक दाबून नेतूस बाटली," ती खाली बघत म्हणाली. "म्हनलं, लिंबानं वास तरी जाईल."

स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

त्यानंतरच्या सकाळी मी हातमोजे घातले नाहीत. बाटली तिच्या हातातूनच घेतली. तिचा हात थरथरला, थोडं माझ्या बोटांवर सांडलं. मी हात मागं घेतला नाही. ती माझ्या नाकाकडं बघत होती.