डाव्या खांद्यावरची रायफल

सानगडीची रिता पोलिसात हवालदार होती आणि सोळा वर्षांपासून जिल्ह्याच्या रायफल संघात. तीनशे मीटरवरचा काळा गोल तिला उजव्या डोळ्याने मोहरीएवढा दिसायचा, आणि तेवढा तिला पुरायचा. मागच्या दिवाळीत ती सुट्टीवर घरी आली असताना मळणीत धानाचं कुसळ तिच्या त्याच डोळ्यात गेलं. दोन दिवस ती पाणी मारत राहिली. दवाखान्यात गेली तोवर उशीर झाला होता. जखम भरली, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं आणि त्या डोळ्याची नजर धूसर झाली.

ड्युटीवर परतल्यावर संघाचे प्रमुख मधुकरराव यांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. यंदापासून राज्याच्या स्पर्धेसाठीच्या निवडीत दुर्बीण लावलेली रायफल चालणार होती. ती घे, नाहीतर कार्यालयात बस, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं.

रिताने उजव्याच डोळ्याने दुर्बीण लावून पाहिली. गोल हाताशी आल्यासारखा जवळ आला, पण धुक्यात. शिवाय छातीचा प्रत्येक ठोका त्या काचेत दिसायचा. दुर्बिणीतली फुली गोलावर थांबेल म्हणून ती वाट बघायची, फुली थांबायची नाही, आणि शेवटी बोटाचा झटका बसून गोळी भलतीकडे जायची.

"साहेब, दुर्बीण वाईट नाही," ती म्हणाली. "दूरचा माणूस कोण हे ओळखायचं असेल तर तीच पाहिजे. पण इथं गोल कुठं आहे ते मला ठाऊक आहे. रायफलीच्या नळीवरचं पुढचं टोक साफ दिसलं की माझं काम होतं. ते डावा डोळा दाखवेल."

निवडीला तीनच महिने आहेत, सोळा वर्षांची सवय तेवढ्यात बदलत नाही, असं मधुकरराव म्हणाले. तोवर माझं नाव खोडू नका, एवढंच तिने मागितलं.

सुट्टीच्या दिवशी ती सानगडीला जायची. रायफल घरी आणता येत नाही, म्हणून अंगणात पालथी पडून डाव्या खांद्याला मुसळ लावायची आणि भिंतीवर कोळशाने काढलेल्या ठिपक्यावर नेम धरायची. शेजारच्या बाया हसायच्या. तिची आई धुरपता हसली नाही, पण एकदा जवळ येऊन बसली.

"टेबलावर बसून पगार भेटते तं कायले जीव कष्टवून राहिली माय?"

रिताने मुसळ खाली ठेवलं नाही. "मले काढाचं असन तं निशाना चुकला म्हून काढा. डोरा गेला म्हून नाही."

मैदानावर पहिला आठवडा गोळ्या कागदाला लागल्याच नाहीत. पलीकडून लाल झेंडी हलत राहायची. रायफल उजव्या हाताच्या माणसासाठी बनलेली. गरम पुंगळ्या उडून तिच्या उजव्या मनगटावर पडायच्या, दोन ठिकाणी कातडी भाजली. महिनाभराने सगळ्या गोळ्या कागदावर यायला लागल्या. मग हळूहळू काळ्यात.

निवडीला पाच जण होते, जागा चार. चौघांच्या रायफलींवर दुर्बिणी होत्या. मधुकररावांनी रिताला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. एक दुर्बीण शिल्लक आहे, लावलीस तर कोणी कमी समजणार नाही, असंही म्हणाले. तिने नकारार्थी मान हलवली आणि जाऊन पालथी पडली.

पहिली गोळी डावीकडे गेली. तिने घाई केली नाही. गोल अंधुक झाला तरी होऊ दिला, नजर फक्त पुढच्या टोकावर ठेवली. दहा गोळ्यांत शंभरपैकी त्र्याऐंशी. निकेश नावाच्या तरुण शिपायाने दुर्बिणीतून एक्याण्णव घेतले आणि तो पहिला आला. रिताच्या पुढचे तिघेही दुर्बीणवाले होते. पाचव्याला मात्र तिने दोन गुणांनी मागे टाकलं होतं. तोही दुर्बीणवालाच.

मधुकररावांनी चौथं नाव लिहिलं. "पुढच्या वर्षी दुर्बीण घ्यावी लागेल," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी पुन्हा निवड घ्या, साहेब," रिता म्हणाली.

राज्याच्या स्पर्धेत ती अकरावी आली. निकेश सहावा आला आणि गावोगाव त्याचा सत्कार झाला. रिताला कोणी विचारलं की ती अकरावी म्हणूनच सांगते, आवाज जराही न उतरवता. कार्यालयातल्या खुर्चीवर ती अजून बसलेली नाही.